उकिडवं बसायची पैज

काका, तुझ्या बाराव्याला एका माणसानं मला विचारलं, "तुमी त्यांचं कोन?"

पांढरा शर्ट, खिशाला पेन. काकीच्या माहेरचा कुणीतरी असावा. मंडपात येणाऱ्या प्रत्येकाला तो हेच विचारत होता आणि प्रत्येकाकडं उत्तर तयार होतं. कुणी चुलतभाऊ, कुणी साडू, कुणी मिठागरावरचा जोडीदार. माझी पाळी आली. मी तुझ्या नात्यातला नाही, गावातला नाही. मी गडबचा, भातवाल्याच्या घरातला, पोट फुटबॉलवर भरणारा. तू खाडीकाठचा, सगळा जन्म मिठात घातलेला. आपली गाठ पडली पेणला, फिजिओथेरपीच्या खोलीत. तुझ्या गुडघ्याची वाटी फुटलेली आणि माझ्या गुडघ्याची दोरी तुटलेली. हे त्या पांढऱ्या शर्टाला कसं सांगायचं? "ओळखीचा," म्हणालो. म्हणालो आणि माझी मलाच लाज वाटली.

तू गेल्याचं मला सकाळच्या सरावाला कळलं. बुटांच्या नाड्या बांधत होतो आणि फोनवर तुझं नाव आलं, हिरामणकाका. आपण दोन महिने बोललो नव्हतो. म्हटलं, आला म्हातारा वठणीवर. मुद्दाम चार रिंगा जास्त वाजू दिल्या. उचलला तर पलीकडं काकी.

दुसऱ्या दिवशी मॅच होती. सुट्टी मागितली असती तर मिळाली असती. मी मागितली नाही. काय सांगणार होतो, माझा कोण गेला म्हणून? मॅच खेळलो, घाण खेळलो, आणि बाराव्याला आलो. हे तुला माझ्याच तोंडून कळावं म्हणून सांगतोय.

आपली पहिली भेट तुला आठवत असणारच, कारण ती तू येईल त्याला तिखटमीठ लावून सांगायचास. गुडघ्याचे पेशंट ज्या खोलीत यायचे ती खोली कुणा शहाण्यानं वरच्या मजल्यावर काढलेली. अठरा पायऱ्या. कुबड्या काखेत धरून मी खाली उभा होतो आणि तू तिसऱ्या पायरीवर बसून शिव्या देत होतास.

"ज्यानं हा दवाखाना वर बांदलाय ना, त्याचा गुडगा फुटू दे एकदा. मग कलंल त्याला." मग माझ्याकडं बघून, "तुजा कंचा?"

"उजवा."

"माजा डावा. चल, दोगांचा मिलून एक मानूस व्हईल."

तुझा उजवा पाय आणि माझा डावा, मध्ये दोन आजारी पाय लोंबत, असे आपण एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून वर गेलो. फिजिओथेरपीच्या मॅडम दारात येऊन हसत उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून मी "उजव्या" झालो. माझं खरं नाव तू कधी विचारलंच नाहीस. मी मैदानावरही उजव्या बाजूनंच खेळतो, हे तुला मागाहून सांगितलं तेव्हा तू म्हणालास, "मग मी बराबर ठेवलं नाव."

त्या दिवसांत मला नावानं हाक मारणारं फारसं कुणी उरलंही नव्हतं. गुडघा गेला तो कुणाच्या धक्क्यानं नाही. मी बॉल घेऊन वळलो, बुटाचे खिळे गवतात रुतले, पाय तिथंच राहिला आणि मी वळलो. आतून एक आवाज आला, सुपारी फुटावी तसा. क्लबनं मुंबईत ऑपरेशन करून दिलं, पाठीवर हात फिरवला आणि घरी पाठवलं. पहिल्या महिन्यात रोज फोन. दुसऱ्यात आठवड्यानं. पुढं ग्रुपवर माझ्या जागी खेळणाऱ्याचे फोटो यायला लागले आणि मीही फोटोखाली अंगठ्याचं चित्र टाकून मोकळा व्हायचो. कॉटखाली ठेवलेला बॉल पायाला लागायचा, म्हणून आईला सांगून माळ्यावर टाकायला लावला. गावात निघालो की जो तो विचारायचा, "कवा जातंस परत?" आठ-पंधरा दिवसांनी तेही विचारेनासे झाले, आणि ते जास्त लागलं. एरवी दिवसभर मी आणि माझा गुडघा, तिसरं कुणी नाही.

फक्त सोमवार, बुधवार, शुक्रवार तिसरा असायचा. तू.

तू पडलास तो तुझ्या रोजच्या बांधावर. डोक्यावर मिठाची टोपली, आणि ज्या बांधावरून तीस वर्षं डोळे मिटून चाललास तिथंच पाय सरकला. गुडघ्याची वाटी फुटली, तारेनं बांधून दिली. "घरात एवढ्या वाट्या हायत," तू म्हणायचास, "फुटायची तं त्यातली एकादी फुटायची ना! फुटली ती नेमकी हीच." माझी नस तुटली ती तुझ्या भाषेत दोरी. मी दहा वेळा लिगामेंट म्हणून सांगितलं. तू म्हणालास, एवढं लांब नाव हाय म्हणूनच तुटली.

मॅडम ती प्लास्टिकची मोजपट्टी गुडघ्याला लावून कोन सांगायच्या. तुझा कितीही केलं तरी नव्वदच्या आगेमागे.

"किती झाला, म्याडम?"

"पंच्याण्णव."

"परवा किती हुता?"

"पंच्याण्णव."

"म्हंजी मी पास का नापास?"

सगळी खोली हसायची. मीही हसायचो. तू हसता हसता चादर मुठीत आवळायचास, हे शेजारच्या कॉटवरून फक्त मला दिसायचं.

फुटबॉल म्हणजे काय, हे तुला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. मैदान केवढं, असं विचारलंस. म्हटलं, शंभर मीटर धर, थोडं इकडंतिकडं. तुझे डोळे मोठे झाले. "एवढा मोटा वाफा? आनि त्यात पिकतं काय?" काही नाही, म्हटलं, आम्ही पळतो. "एवढ्या वाफ्यात कायच पिकवत नाय आनि तुमाला लोक बगायला येतात?"

आणि ते मिठाच्या पाण्याचं! मॅडमनी एवढंच सांगितलं होतं, घरी मिठाच्या गरम पाण्यानं शेक घ्या. माझ्या आईनं पातेल्यात मूठभर मीठ टाकलं असतं आणि विषय संपला असता. पण तू मिठागरवाला. तुला मिठाचं पाणी म्हटलं की एकच पाणी ठाऊक. जिना उतरताना माझा हात धरलास. "उजव्या, शहरातली लोकं पानी तापवतात नि त्यात मीठ टाकतात. आमच्याकडं वाफ्यात आयतं हाय. मीठ बी आनि तापलेलं बी. चल." मार्चमधली दुपार. रिक्षा करून आपण तुझ्या गावच्या मिठागरावर गेलो, बांधावर बसलो आणि मीठ धरत आलेल्या त्या कडक पाण्यात दोन पाय सोडून बसलो. तुझा डावा, माझा उजवा. तास झाला, दीड तास झाला. मला चरचरत होतं. मी म्हटलं, काका, झोंबतंय. तू म्हणालास, "झोंबतंय म्हंजी आत चाललंय."

दोन दिवसांनी दोघांच्या पायांची कातडी सोलवटून निघाली. मॅडम इतक्या चिडल्या, इतक्या चिडल्या की मी खाली मान घालून उभा. तू मात्र शांतपणे म्हणालास, "म्याडम, तुमी पातेलं बोलायला पायजे हुतं."

पण त्या दुपारचं मला जे आठवतं ते हे नाही. समोर दहा-बारा माणसं काम करत होती. कुणी फळीनं मीठ ओढत होतं, कुणी टोपल्या भरत होतं. जेवायची वेळ झाली तशी सगळी बांधावर ओळीनं उकिडवी बसली. भाकरी हातावर, कालवण भाकरीवर. तू त्यांच्याकडं बघत राहिलास.

मग म्हणालास, "उकिडवं बसता नाय आलं तं मिठागरात मानसाचा काय उपेग नाय रे. शेवाल काडायचं उकिडवं बसून, भाकरी खायची उकिडवं बसून, बिडी बी तशीच. मी काय खुर्ची घिऊन फिरू बांधावर?"

मला तेव्हा सुचलं ते मी बोललो. म्हटलं, पैज लावू. आधी जो उकिडवा बसेल तो जिंकला. पैसे नाहीत, काही नाही. मी जिंकलो तर तू माझी मॅच बघायला यायचं. तू जिंकलास तर मी तुझ्याकडं येऊन एक दिवस वाफ्याचा तळ चोपायचा. पावसाळ्यानंतर मिठागराचा तळ पायांनी तुडवून घट्ट करतात, तेव्हाच तू मला ते दाखवलं होतंस, बसल्या बसल्या, एका पायानं हवेत. टाच आधी, मग पंजा, मग सगळा भार, आणि मगच दुसरा पाय. "घाई केली तं तल फुटतो. आनि तल फुटला तं मीठ कालं येतं."

"हरनारा जिंकनाऱ्याच्या वाफ्यात येनार," तू म्हणालास. "ठरलं."

मग पावसाळा आला. माझा गुडघा कागदोपत्री बरा झाला. डॉक्टर म्हणाले, दोरी पक्की आहे, खेळ. मी सरळ पळत होतो, जिने चढत होतो. पण वळता येईना. पेणच्या शाळेच्या मैदानात बॉल घेऊन उजव्या पायावर भार टाकायची वेळ आली की अंग आपोआप थांबायचं. उकिडवं बसायला गेलो तरी तेच. अर्ध्यात जाऊन मी उभा. मॅडम म्हणायच्या, तुझा गुडघा नाही अडत, तूच अडतोस. मला राग यायचा. राग यायचा कारण ते खरं होतं.

क्लबनं विचारलं, कधी येतोस ते नक्की सांग. मी सांगू शकलो नाही. तेवढ्यात दाजींनी, म्हणजे माझ्या बहिणीच्या नवऱ्यानं, रोह्याजवळच्या धाटावला एका कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकला. शिफ्टची नोकरी, घरापासून बसनं जाऊन येऊन. आई खूश. मी तुला सांगितलं, जिन्याच्या खाली, त्या तिसऱ्या पायरीवर. म्हटलं, काका, खेळ संपला, सोमवारी रोह्याला जातो, दाजी घेऊन जाणार आहेत. तू शिव्या देशील, असं मला वाटलं होतं. तू म्हणालास, "बरं हाय. कंपनी बरी. पावसात छप्पर असतं." आणि निघून गेलास. मला तुझा भयंकर राग आला होता, हे आज सांगतो. कुणीतरी एकानं तरी मला नको म्हणावं, एवढीच अपेक्षा होती.

सोमवारी रोह्याच्या स्टँडवर मी दाजींची वाट बघत उभा होतो. हातात प्लास्टिकच्या पिशवीत दाखले, फोटो. धाटावला जाणारी माणसं डबे घेऊन गाडीत चढत होती. आणि तुझा फोन.

"उजव्या, मी बसलो."

"कुठं बसलास?"

"उकिडवा बसलो! आत्ता, बांधावर. सगली बगतायत. तू हारलास!"

मी स्टँडवर ओरडलोच. काय बोललो आठवत नाही. तुझा पंच्याण्णववाला गुडघा, तारेनं बांधलेला, त्या वयात, आणि तू बसलास. आणि मी, माझी दोरी जोडलेली, डॉक्टरांनी पक्की म्हणून सांगितलेली, हातात पिशवी घेऊन उभा. मला इतकी लाज वाटली आणि इतका आनंद झाला की काय करावं कळेना. दाजी आले. म्हटलं, दाजी, मी येत नाही. ते म्हणाले, डोकं फिरलं काय तुझं? व्हय, म्हटलं.

पुढच्या दीड महिन्यात मी बसलो. मॅडमच्या खोलीत, भिंतीला न टेकता, उकिडवा. मग वळायलाही लागलो. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. पण शेजारची कॉट रिकामी होती. तू त्या फोननंतर यायचाच बंद झालास. बरा झालेला माणूस दवाखान्यात कशाला येईल, असं मी समजलो. त्या अठरा पायऱ्या मी शेवटचे दोन महिने एकटा चढलो, आणि खरं सांगू, माझा पाय बरा असूनही त्या तेव्हाच जास्त जड गेल्या.

क्लबात परत जाण्याआधी तुझ्या घरी आलो होतो. तू ओटीवर खाटेवर बसलेला, उठला नाहीस. म्हटलं, काका, बसून दाखव की. "आता काय पोरखेल हाय काय?" म्हणून मला उडवून लावलंस आणि काकीला चहा टाकायला सांगितलंस. काकी माझ्याकडं न बघता आत गेली. मला वाटलं, पैज जिंकून म्हातारा शेफारलाय.

एक दिवस तळ चोपायचा माझ्याकडं राहिला. दिवाळीनंतर ये, म्हणालास. पण दिवाळीनंतर आमचाही मोसम. पहिल्या वर्षी जमलं नाही, दुसऱ्या वर्षी जमलं नाही, तिसऱ्याही वर्षी नाही. फोनवर तू दर वेळी टोचायचास, "हरलेल्या, तल वाट बगतोय." मी हसायचो, येतो म्हणायचो आणि यायचो नाही. खरं तर मला यायचं नव्हतंच असं नाही. पण गावाकडं आलो की ते महिने अंगावर येतात, काका. कॉट, माळ्यावरचा बॉल, सगळं.

आणि मग ते भांडण. मुंबईत मॅच होती, इतकी जवळ पहिल्यांदाच. म्हटलं, गाडी पाठवतो, तू आणि काकी या. तू नाही म्हणालास. मी म्हटलं, का? म्हणालास, "पैज मी जिंकलेली हाय. हरनारा येतो. जिंकनारा नाय येत." मी आधी चेष्टेवारी नेलं. मग तू ऐकेचना, तसा माझा तोल गेला. तीन वर्षांत एकदा माझा खेळ बघायला तुला पाय उचलवत नाही? मी ज्याच्यामुळं परत उभा राहिलो त्यानं मला मैदानात बघू नये? पैज, पैज काय लावलंयस? "तुला माझं काही पडलेलंच नाही," असं म्हणालो. हेच शब्द. मी म्हटलं, ठेव फोन. तू ठेवलास.

हे आपलं शेवटचं बोलणं.

आता बाराव्याला परत येतो. त्या पांढऱ्या शर्टाला "ओळखीचा" म्हणून सांगून मी मागच्या दारी जाऊन उभा राहिलो होतो. काकी चहा घेऊन आली. मला बघून म्हणाली, "तू उजवा ना रे? चालीवरनं वलकला. अजून पाय राखून टाकतंस." मग तिनंच मला दगडावर बसवलं आणि सांगितलं. फार वेळ लागला नाही तिला. दोन-चार वाक्यांत सगळं झालं.

तू कधीच उकिडवा बसला नव्हतास.

मॅडमनी तुला पावसाळ्यातच सांगितलं होतं, आता याच्या पुढं वाकायचा नाही. त्यानंतर तू मिठागरात उतरला नाहीस. बांधावर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचास, तीच खुर्ची जिचा तुला तिटकारा होता, आणि इतरांना सांगायचास, टाच आधी टाक, घाई करू नको. त्या सोमवारी तू बांधावर नव्हतासच. ओटीवर खाटेवर बसून मला फोन केलास. काकी समोर भाजी चिरत होती.

"मी बोल्लू त्याला, कशाला खोटं बोलतंस त्या पोराशी? तं बोल्ला, 'माजी वाटी गेली ती गेली. त्याची दोरी जोडलेली हाय, फक्त त्याला ठावं नाय.'"

चहा निवत होता.

"आनि मॅचला का नाय आला इचारतंस तं," काकी म्हणाली, "तुज्या त्या मैदानात बसायला पायऱ्याच असतात ना? उतरता-चडताना तुला दिसला असता. मग तुला कलला असता." मग म्हणाली, "मोबायलवर बगायचा पन. शेजारच्याकडनं लावून घ्यायचा. बॉल कुटं हाय तं काय कलायचा नाय त्याला. तुजा गुडगाच बगायचा. तू वललास का बोलायचा, 'वलला. बग, वलला.'"

अरे देवा, काका.

तू थापाड्या आहेस. एक नंबरचा. माझ्या तोंडाला पानं पुसलीस ती पुसलीस, वर तीन वर्षं मलाच हरलेल्या म्हणून हिणवलंस. मला राग आलाय. खोटं बोललास म्हणून नाही. मला म्हणाला असतास, उजव्या, माझा पाय वाकत नाही, तर मी तुला पाठुंगळी घालून नेला असता रे. आपण अठरा पायऱ्या चढलोच होतो की. दोघांचा मिळून एक माणूस, तूच म्हणालास ना? मग बरा झाल्यावर मी एकटा माणूस झालो आणि तुला खुर्चीवर ठेवून गेलो, हे मला का करू दिलंस? मी एवढा आंधळा कसा, हाही प्रश्न आहेच. तो मी रोज स्वतःला विचारतो. तू खाटेवरून उठला नाहीस, तेव्हाच कळायला हवं होतं. माझ्यासारखा पाय राखून चालणाऱ्याला दुसऱ्याचा राखलेला पाय दिसू नये?

आणि एक सांगायचं राहिलंय. तुझ्यामुळं मी खेळतो, हे मी वर्तमानपत्रवाल्यांना कधी सांगितलं नाही. विचारायचे, एवढी मोठी दुखापत, कसे परतलात? मी डॉक्टरांचं नाव घेतलं, क्लबचं घेतलं, आईचं घेतलं. मिठागरातल्या म्हाताऱ्याचं कसं सांगायचं, म्हणून ते ठेवून दिलं. त्या पांढऱ्या शर्टाला जसं "ओळखीचा" म्हणालो, तसंच ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिठागरावर गेलो. तळ चोपायचं काम सुरूच होतं. चपला काढल्या, पँट दुमडली. मुकादमानं विचारलं, "तू रं कोन?"

म्हटलं, "हिरामणचा उजवा."

त्यानं जास्त काही विचारलं नाही, जागा दाखवली. दिवसभर चोपत होतो. टाच आधी, मग पंजा, मग सगळा भार, मगच दुसरा पाय. पहिल्या तासात दोन ठिकाणी तळ फोडला, शिव्या खाल्ल्या. दुपारपर्यंत जमायला लागलं. चिखल थंड असतो आणि पायाखाली हळूहळू घट्ट होत जातो, हे तू कधी सांगितलं नव्हतंस. उजव्या गुडघ्यावर सगळा भार टाकत होतो. एकदाही थांबलो नाही.

जेवायची वेळ झाली. सगळी बांधावर ओळीनं बसली, मीही बसलो. उकिडवा. तुझी खुर्ची तिथंच होती, कुणी हलवली नव्हती. भाकरी हातावर घेतली आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तू कधी बसलाच नाहीस, म्हणजे आधी बसलो तो मी. पैज मी जिंकली होती, काका. तीन वर्षांपूर्वीच.

हरणारा येतो, हे तुझंच बोलणं. रविवारी मॅच आहे. पायऱ्यांवर नाही, खाली, मैदानाला लागून खुर्ची टाकायला सांगितलीय.